राणीवशाचे पथ्य

कोंबडीला 'अहो' म्हणणारा मनुष्य अखिल बडोद्यात एकच आहे आणि परमेश्वराच्या कृपेने तो माझ्या शेजारी राहतो. पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. स्वतः प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झाले. पत्नी निवर्तल्यापासून मागच्या अंगणातील कोंबड्या हाच त्यांचा संसार. खुराड्याला ते 'राणीवसा' म्हणतात, आत शिरण्यापूर्वी खाकरतात आणि अंडे उचलताना "घेतो हं, बाईसाहेब" अशी अनुज्ञा मागतात. या मंडळींचे बारसे करण्यास त्यांनी मलाच पाचारण केले. मी आजन्म शाकाहारी, पाठशाळेत वाढलेला. परंतु सर्वांभूती ईश्वर मानणाऱ्याने नक्षत्रांची नावे देण्यास का कचरावे? रोहिणी, रेवती, स्वाती अशी नावे ठेवून, घुगऱ्या खाऊन मी परतलो.

त्यांचा सर्वांत प्रेमळ दोष म्हणजे आग्रह. सायंकाळी मांडवीच्या बाजारातून ताजे, तळलेले गाठिया येत, अंगणात वेताची खुर्ची मांडली जाई आणि "घ्या, एवढा एकच, माझी शपथ!" अशी माझी आणि कोंबड्यांची एकत्र पंगत सुरू होई. रेवती तर थेट त्यांच्या मांडीवर चढे. "फार स्थूल झाली आहे ही," असे मी एकदा म्हणालो. "खात्यापित्या घरची आहे, शास्त्रीबुवा! तुमच्यासारखी एकादश्या करत नाही."

एके सकाळी रेवती दाणे टिपता टिपता कोसळली आणि गतप्राण झाली. साथ असेल तर साराच राणीवसा जाईल, या भयाने गृहस्थ हवालदिल झाले. तरी शिस्त सुटली नाही. डोळे पुसत त्यांनी हातमोजे चढवले, उरलेल्यांना दुसऱ्या जागी हलवले आणि कलेवर पिशवीत बांधून गुरांच्या दवाखान्यात नेले. रिक्षात मी शेजारी बसून विष्णुसहस्रनाम म्हणत होतो.

डॉक्टरबाईंनी शवविच्छेदन केले. "काका, साथबीथ काही नथी. यकृतात चरबी साचली होती, ते फुटून आत रक्त वाहिलं. खायला काय देता?"

"आम्ही खातो तेच. गाठिया."

"ते माणसांनाच पचत नाहीत, काका! बाकीच्या जगवायच्या ना? मग आजपासून बंद. कोंबड्यांचं तयार खाद्य द्या, हिरवा पाला, शिंपल्यांचा चुरा, ताजं पाणी. सावली हवी, आणि हिंडू द्या त्यांना."

परतताना त्यांनी रिकामी पिशवी घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "बंद करीन हो. पण शास्त्रीबुवा, हात रिकामा दिसला तर त्या माझ्याकडे येतीलच कशाला?"



पथ्य मात्र त्यांनी व्रतासारखे पाळले. पाण्याची भांडी रोज घासली जाऊ लागली, खुराड्यातला भुसा बदलला जाऊ लागला, उन्हाच्या बाजूस ओली गोणपाटे लटकली. कोंबड्या सडपातळ झाल्या, पिसांना तकाकी आली. गृहस्थ मात्र दाणे टाकून तडक आत जात. खुर्ची भिंतीला उलटी टेकलेली असे.

अखेर एका सायंकाळी मीच ती सरळ करून मांडली. ते संकोचत बसले. कोंबड्या धावत आल्या, तळहात न्याहाळला, एकदोन चोची मारल्या आणि शेवग्याखाली निघून गेल्या. "पाहिलंत? जगाची रीत," ते हसून म्हणाले, पण हसू ओठांतच राहिले.

ऊन उतरले. इतर साऱ्या खुराड्याकडे वळल्या तेव्हा रोहिणी मात्र मागे फिरली. सावकाश येऊन ती त्यांच्या पावलावर बसली आणि पिसे फुलवून स्थिरावली.

"काही आणलं नाही गं मी," ते कुजबुजले.

रोहिणीने डोळे मिटले.