सासूबाईंच्या नावावरचं सिम

एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नाही, असं मी लग्नाच्या पंगतीत, बसस्टँडवर, न्हाव्याच्या खुर्चीत बसूनसुद्धा सांगत असे. लोक मान डोलवत. तपासून पाहायची कोणाला गरज पडली नव्हती. ज्यांना पडली ते खाकी कपड्यात आले आणि त्यांनी माझ्यासमोर एक मोबाईल नंबर लिहिलेला कागद ठेवला.

तेव्हा माझं दुकान पोंभुर्ण्याच्या पलीकडे एका बाजाराच्या गावात होतं. आधी तो एसटीडी बूथ होता. मोबाईल आले तेव्हा मी बूथचा काचेचा खोका मोडला, त्याच्याच काचांचं शोकेस केलं आणि मोबाईलवाला झालो. दुरुस्ती मला येत नव्हती. फोन उघडायचा, फुंकर मारायची, बॅटरीचे पाय खोडरबरानं घासायचे आणि बंद करायचा, एवढ्यावर निम्मे फोन सुरू होत. उरलेल्या निम्म्यांना मी ‘पार्ट चंद्रपूरवरून मागवावा लागेल’ असं सांगे.

खरा धंदा सिमकार्डांचा. कंपनीचा माणूस महिन्याला यायचा, इतकी सिमं खपवा म्हणायचा आणि खपवली की छत्री, भिंतीवरचं घड्याळ असं काही द्यायचा. अडचण कागदांची होती. बाजाराला येणारा माणूस तलावात मासे धरणारा, धानाच्या रोवण्याला जाणारा, बांबू तोडणारा. त्याच्याकडे फोटो नाही, आणि राशन कार्ड घरच्या पेटीत, किल्ली बायकोकडे. तो म्हणे, ‘भाऊ, पुढच्या गुरुवारी कागद आनतो, आज सिम देऊन टाका.’ पुढच्या गुरुवारी तो मासे आणी, कागद नाही. यावर मी तोडगा काढला. माझ्या सासूबाईंच्या राशन कार्डाच्या शंभर झेरॉक्स काढल्या, त्यांच्या फोटोच्या प्रती काढल्या आणि ज्याच्याकडे कागद नाही त्याचं सिम सासूबाईंच्या नावावर. फॉर्मवर अंगठा लागे, तो मीच लावी. आमच्या पट्ट्यात मी एकटाच असं करत होतो असं नाही, पण इतक्या आपलेपणानं कोणी केलं नसेल. माझ्या सासूबाईंनी आयुष्यात फोन कानाला लावला नव्हता आणि त्यांच्या नावावर अर्धा बाजार बोलत होता.

आमच्या गावापासून थोड्या अंतरावर एक मोठा तलाव आहे. त्याच्या पाळीवर झोपडी करून एक नवरा-बायको राहत, मासे राखत आणि धरत. गुरुवारी बाई टोपलीत मरळ आणि पळसाच्या पानात झिंगे घेऊन बाजारात बसे. तिची एकच मुलगी, ती राजुऱ्याकडे दिलेली. मुलीची खबर कळावी म्हणून तिनं माझ्याकडून जुना फोन घेतला. तिला आकडे वाचता येत नव्हते. मी दोनच्या बटणावर मुलीचा नंबर बसवून दिला आणि त्या बटणावर मेणाचा ठिपका लावला. ठिपका दाबून धरायचा, तिकडे एक घंटी वाजू द्यायची आणि लाल बटण दाबायचं. मग मुलगी तिकडून एक घंटी देई. म्हणजे तू बरी, मी बरी. रोज संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी या मायलेकी अशा बोलत आणि त्याचा एक पैसाही कटत नसे. मी मनात म्हणे, अशी दहा गिऱ्हाइकं भेटली तर माझं दुकान बसेल.

पोळा होऊन चारपाच दिवस झाले होते. सकाळी त्या दोघांची प्रेतं तलावाच्या सांडव्याजवळ सापडली. कशानं मारलं, कसं मारलं ते सगळा गाव सांगत होता, मी इथे सांगत नाही. झोपडीतलं काही गेलं नव्हतं. फोन तिच्या पदराच्या गाठीत होता. दोघांची शेवटची संध्याकाळ त्या फोनच्या कॉल डिटेलच्या कागदावर उतरली होती, ती अशी: एका नंबरावरून फोन आला, मिनिटभराच्या आत संपला. ज्यानं केला त्याचा फोन त्यानंतर बंद झाला आणि पुन्हा कधी सुरू झाला नाही. टॉवर आमच्याच गावचा. म्हणजे कोणीतरी या टॉवरच्या हद्दीतून फोन करून त्यांना सांडव्याकडे बोलावलं, असं ठाणेदार साहेबांचं म्हणणं. कोणी, एवढंच शोधायचं होतं.

नंबर कोणाच्या नावावर आहे ते कंपनीनं लगेच कळवलं. पोलिसांची गाडी माझ्या सासुरवाडीच्या दारात थांबली.

सासूबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. दोन खुनांच्या संबंधात चौकशी आहे म्हटल्यावर त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, ‘माह्या जावयाले इचारा. माह्या नावावर काय काय करून राह्यला तो, मले काय मालूम.’ माझ्याबद्दल त्यांचं मत लग्नापासून असंच होतं, पण आता ते सरकारी कागदावर आलं.

फॉर्मवरचा अंगठा गुन्हेगाराचा असेल या आशेनं पोलिसांनी तो तपासायला पाठवला. तो माझा निघाला. त्या दिवशी मला दुकानातून ठाण्यात नेलं. रस्त्यानं ओळखीचे लोक भेटत होते आणि मी प्रत्येकाला ‘साक्षीदार आहे, साक्षीदार’ असं सांगत होतो. कोणी विचारलं नव्हतं.

सिम त्या गुरुवारी सुरू झालं होतं, खुनाच्या आधीच्या बाजाराला. माझ्या वहीवरून एवढं कळलं की त्या दिवशी सासूबाईंच्या नावावर मी चार सिमं दिली. तीन नंबरांची माणसं सापडली, ती नंबर वापरत होती, त्यांचं सगळं सरळ होतं. चौथं सिम कोणाला दिलं, हे जगात दोघांनाच माहीत असायला हवं होतं. घेणाऱ्याला आणि मला.

जमादार माझ्यासमोर बसले. ‘तुमी चेहरा इसरत नाई म्हन्ते लोकं.’

‘नाही विसरत,’ मी म्हणालो. आता माघार कशी घेणार.

‘मंग सांगा.’

मी डोळे मिटले. त्या गुरुवारचं सगळं दिसत होतं. झिमझिम होती. शेजारच्या भज्यांच्या गाडीवर ताडपत्रीत पाणी साचलं होतं आणि ते कोणीतरी काठीनं उचलून देत होतं. एकाच्या रेडिओचे सेल मी उलटे टाकले आणि रेडिओ बिघडला म्हणून त्याच्याशी वाद घातला. तलावावरच्या बाईच्या टोपलीत त्या दिवशी मरळ नव्हती, झिंगेच होते. सिम देणारा माझा हात दिसत होता. घेणारा हात दिसत होता, ओला. त्याच्यावर मान नव्हती, चेहरा नव्हता.

‘गळ्यात निळा दुपट्टा होता,’ मी म्हणालो.

जमादारांनी लिहून घेतलं आणि चहा सांगितला. इथेच मी थांबायला पाहिजे होतं. पण लिहून घेणारा माणूस समोर असला की माझं काय होतं ते माझ्या बायकोला विचारा. बाजारातल्या भांडणाची गोष्ट सांगतानाही मी एखादा बैल उधळवल्याशिवाय राहत नाही. दुपट्ट्यानंतर मी म्हणालो, डाव्या गालावर डाग होता, भाजल्यासारखा. मग, थोडा लंगडत होता. प्रत्येक वेळी जमादार मान हलवत आणि त्यांनी मान हलवली की ती गोष्ट मला खरी दिसू लागे. घरी जाईपर्यंत मला तो माणूस लंगडत जाताना पाठमोरा स्पष्ट दिसत होता. मी बायकोला म्हणालो, पाहिलं, विसरत नाही मी.

असा माणूस होता. झाडण्या विकायला बाजारात यायचा. डाव्या गालावर डाग, एक पाय आखूड. माझ्या दुकानासमोरून तो वर्षभर जात होता, म्हणूनच तो माझ्या तोंडी आला असणार. त्याला उचलला. चार दिवस ठेवला. पाचव्या दिवशी त्याच्या गावची माणसं आली आणि त्यांनी सांगितलं की हा पोळ्याच्या आधीपासून भामरागडकडे बहिणीकडे गेला होता, पुलावरून पाणी वाहत होतं, आठ दिवस रस्ता बंद, हा पलीकडेच अडकलेला. शाळेचे मास्तर त्याच्याबरोबर अडकले होते, त्यांनीही येऊन सांगितलं. आणि फोन त्या माणसाकडे कधीच नव्हता.

सुटल्यावर तो माझ्या दुकानात आला. बाकावर बसला. मी पाणी दिलं, ते त्यानं घेतलं.

‘भाऊ, तुमी मले सिम देताना कवा पायलं होतं?’

‘चुकलं माझं.’

‘नाई, मी इचारून राह्यलो. मलेच आठवत नसन तर काय सांगता येते.’

तो गालाच्या डागावर बोट ठेवून म्हणाला, ‘लहानपनी चुलीत पडलो होतो. बरं झालं दोन्ही बाजूनं नाई पडलो, नाई तर तुमी फाशीच देल्ली असती.’ आणि तो हसला. एका पायावर जोर देऊन उठला तेव्हा त्याला दोन्ही पाय दुखत असल्याचं मला दिसलं. हे मात्र मी जोडलेलं नाही.

त्यानंतर माझा जबाब कोणाच्या कामाचा राहिला नाही. फॉर्मांच्या बाबतीत दंड झाला, सासूबाईंच्या नावावरची सिमं बंद पडली, बाजारातल्या लोकांनी मला दोन गुरुवार शिव्या दिल्या. ते सगळं मी पचवलं. वाईट याचं झालं की त्यानंतर मला खरोखर काही आठवलं असतं तरी ते खरं आहे हे कळायची सोय मी ठेवली नव्हती. कधी दुपारी दुकानात बसल्या बसल्या एक चेहरा डोळ्यांपुढे येई, गोल, मिशा बारीक. मी लगेच दचकून विचार करी, हा कुठला? कालच्या बसमधला, की त्या गुरुवारचा? ओला हात तेवढा रोज दिसे. मी त्या हातामागे जाऊ बघे, मनगटापर्यंत जाई, कोपरापर्यंत जाई, आणि पुढे निळा दुपट्टा उभा राही, मीच आणलेला.

मुलगी पहिल्यांदा आली ती तेराव्यानंतर. ठाण्यात जाऊन आली होती. विशीतली, आईसारखीच बुटकी. जमादारांनी तिला कॉल डिटेलचा कागद दाखवला होता.

‘भाऊ, त्या कागदात माहा नंबर काऊन नाई? माय त रोज लावे मले.’

मी तिला सांगितलं की उचलून बोललं तरच कागदावर येतं. नुसती घंटी कागदावर येत नाही.

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, ‘म्हन्जे दोन साल आमी बोललोच नाई.’

त्या संध्याकाळीही आईची घंटी आली होती. हिनं उलटी घंटी दिली. ती वाजली, पण तिकडे ऐकायला कोणी होतं का, हे तिला कळायला मार्ग नव्हता. आणि त्याचाही कागद कुठे नव्हता.

‘कोनाले देल्लं ते सिम, आठवा ना भाऊ,’ ती म्हणाली. ‘तुमालेच मालूम आहे.’

मला मालूम नव्हतं, हे तिला पटायला काही वर्षं गेली. पोळा झाला की पुढच्या गुरुवारी ती बाजाराला यायची, आधी कडेवर मूल घेऊन, मग बोटाला धरून. ठाण्यात विचारायची, मग माझ्याकडे. ठाणेदार बदलले, जमादार निवृत्त झाले, फाईल तिथेच. ‘आठवलं का जी?’ मी ‘नाही’ म्हणायचो. तिच्यासाठी एखादा चेहरा बनवून द्यावा असं मला दरवर्षी वाटे. बनवणं मला किती सोपं होतं हे मला माहीत झालं होतं, आणि झाडण्यावाला अजून दर गुरुवारी समोरून जात होता.

शेवटची आली तेव्हा तिनं ते विचारलंच नाही. बाकावर बसली, मुलाला भजी घेऊन दिली आणि म्हणाली, ‘माय तुमच्यापाशी येत होती ना. कशी करे ते सांगा. फोटो त आहे एक, राशन कार्डावरचा, त्याच्यात ते घाबरल्यासारखी दिसते. तुमी सांगा. पन भाऊ, जोडून सांगू नोका.’

माझ्याकडे तिच्या आईच्या दोनतीन झकास गोष्टी होत्या. बाजारात सांगून सांगून गुळगुळीत झालेल्या. पहिलीला मी तोंड उघडलं आणि बंद केलं, कारण तीत ती फोनला नमस्कार करते, आणि तिनं कधी केला नव्हता. दुसरीतला विनोद माझा होता. मी एकेक बाजूला काढत गेलो. किती बाजूला काढावं लागलं ते सांगण्यासारखं नाही.

‘दुकानाच्या आत येत नव्हती,’ मी शेवटी म्हणालो. ‘अंगाला माशाचा वास येते म्हणे. बाहेरूनच फोन आत द्यायची, पदरानं पुसून. मीही कधी आत ये म्हणालो नाही.’

‘हव,’ ती म्हणाली. ‘आनखी?’

‘बाहेर उभी राहून फोन लावून बघायची तेव्हा, घंटी वाजत असताना ओठ हलवायची. मोजायची बहुतेक.’

‘बहुतेक?’

‘ओठ हलत होते. मोजत होती का, ते मला माहीत नाही.’

‘ओठ हलत होते,’ ती स्वतःशी म्हणाली. ‘आनखी?’

मी आठवत राहिलो. बाहेर भज्यांच्या गाडीवर कोणीतरी हाका मारत होतं. मुलगा तेलकट बोटांनी माझ्या शोकेसची काच रंगवत होता. एक गोष्ट येत होती. त्या शेवटच्या गुरुवारी, झिमझिमीत, जाताना तिनं मागे वळून काहीतरी म्हटलं होतं. लेक दिवाळीला येईल असं काहीसं. आवाजसुद्धा ऐकू येत होता. मला ते तिला द्यावंसं फार वाटलं.

‘आणखी एक आहे,’ मी म्हणालो, ‘पण नक्की नाही.’

तिनं माझ्याकडे पाहिलं. मुलाची बोटं पदरानं पुसली, त्याला उचलून कडेवर घेतलं, आता तो चांगलाच मोठा झाला होता तरी.

‘मंग राहू द्या,’ ती म्हणाली, आणि राजुऱ्याकडच्या बससाठी निघाली.