पडद्यामागची हलगी

"हलगीचा आवाज पाहिजे, हलगी दिसायला नको."

आमचे संचालक हे माझ्यासमोरच बोलले. माझ्याशी नाही, मंडपवाल्याशी. त्यानं मान हलवली आणि स्टेजमागं, जनरेटरशेजारी, माझ्यासाठी प्लास्टिकचं स्टूल ठेवलं. पुढं काळा पडदा.

शहराच्या पैशावर चालणारा आमचा वाद्यवृंद. उन्हाळ्यात दर रविवारी संध्याकाळी रंकाळा तळ्याकाठी फुकट कार्यक्रम. बारा वादक, बारा पांढरे सदरे. तेरावी मी. मलाही सदरा दिला होता. कडक इस्त्री करून घातला होता. बघायला कोण? जनरेटर.

कारण विचारलं, तर म्हणाले, "तू कागद पेटवून हलगी तापवतेस. स्टेजवर आग चालत नाही."

खरं होतं. माझ्या वडिलांची, आबांची जुनी कातड्याची हलगी. तळ्याच्या दमट वाऱ्यानं कातडं सैल पडतं, तापवल्याशिवाय बोलत नाही. पण तापवायला पाच मिनिटं लागतात. बाकीचा सगळा वेळ मी मागं का? ते त्यांनी सांगितलं नाही. मला सांगायची गरजही नव्हती. आम्ही मांग. पालखीपुढं, मयतापुढं, कुस्तीच्या मैदानात आमची हलगी चालते. चहा मात्र आम्हाला लांबूनच मिळायचा.

त्या पहिल्या रविवारी मी गप वाजवलं. त्याची लाज आजही वाटते. कारण समोर आबा बसले होते. माझा हात त्यांनीच घडवला. लेक स्टेजवर बसणार म्हणून नवा फेटा बांधून, आख्खी गल्ली घेऊन आले होते.

पडद्यामागं माझ्यापुढं माईक होता, कार्यक्रम रेकॉर्ड होत होता. हलगीला टाळ्या पडल्या. निवेदकानं ढोलकीवाल्याकडं हात केला. तो उठला, वाकला, बसला.

घरी जाताना आबा म्हणाले, "दिसली न्हाईस ग. पर हात तुझाच व्हता. मी वळखला की."

मला रडू आलं नाही. राग आला. आबांचासुद्धा. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं होतं.

पुढच्या रविवारी मी हलगी तापवलीच नाही. घरातली लोखंडी खुर्ची नेली, स्टेजवर बाराजणांच्या रांगेत मांडली आणि बसले.

संचालक आले. "मागे जा."

"तापवायला जाते. वाजवायला हितंच बसणार."

"मग वाजवूच नकोस."

त्यांनी माझ्या मांडीवरची हलगी उचलून ढोलकीवाल्याला दिली. त्यानं खाली मान घालून ती घेतली. मी खाली उतरले. आबा त्याही रविवारी आले होते, त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले.

हलगीची जागा आली. ढप. ओल्या पोत्यावर काठी हाणावी तसा आवाज. त्यानं जोर लावला. पुन्हा ढप. लोक हसले. मागनं कुणीतरी ओरडलं, "ओ पावणं, आधी हलगी तापवा की!"

स्टेजवर एकालाही ती तापवता येत नव्हती. संचालकांनी गर्दीत मला हेरलं. बोटानं खुणावलं. पडद्याकडं.

आबांनी कोपरानं ढोसलं. "जा पोरी. नोकरी जाईल."

"पडद्यामागं न्हाई जाणार, आबा."

मी समोरूनच स्टेजवर चढले. ढोलकीवाल्याच्या हातातली हलगी काढून घेतली आणि सगळ्यांदेखत खाली उतरले. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पत्र आलं. शिस्तभंग. कामावरून कमी. आबा अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. आणि वाद्यवृंदात आता हलगी लॅपटॉपवरून लावतात. परवा रस्त्यावरनं ऐकली. हात माझाच होता. पहिल्या रविवारी रेकॉर्ड केलेला. शेवटी त्यांना पाहिजे होतं तेच झालं. आवाज आहे, मी नाही.

रंकाळ्यावर फलक लावलाय, 'कार्यक्रम सर्वांसाठी खुला'. मी तो दोनदा वाचला. येत्या रविवारी लोखंडी खुर्ची घेऊन मी पहिल्या रांगेच्या पुढं बसणार. कागद तिथंच पेटवणार. त्यांनी माझा आवाज लावला की मी उभी राहून तेच वाजवणार. पोलीस बोलवायचे तर बोलवा. हलगी तापलेली असेल.