गिअर पडेना

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही खांदा कॉलनीत राहायचो, तेव्हा माझ्या जुन्या गाडीचा गिअर पडेनासा झाला. पहिला टाकायचा तर दांडीशी दोन्ही हातांनी झगडावं लागे, आणि मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून डोकं उठवत. दोन गॅरेजवाल्यांनी गिअरबॉक्स उतरवायला सांगितला. तिसरा उरण रस्त्याला होता. कानावर विडी, आणि घाई म्हणजे काय हे ठाऊकच नसलेला चेहरा.

त्याने बॉनेट उघडलंच नाही.

"इंजिन बंद करा. आता टाका गिअर."

अलगद पडला.

"चालू करा. टाका."

पडेना. हे त्याने मला सहा वेळा करायला लावलं.

"अहो, गाडी बघताय की माझी परीक्षा घेताय?" मी खेकसलो.

तो उघड्या दाराशी उकिडवा बसून माझ्या पायाकडे बघत होता. मग हात घालून त्याने क्लचखालची सतरंजी ओढून काढली. गाडीचा तळ खराब होऊ नये म्हणून मीच ती रबरी मॅटवर चार पदरी घातली होती.

"गिअरबॉक्सला काय झालेलं नाय, साहेब. क्लच खालपर्यंत जातच नवता. तुमी गाडी जपता लय. पन ती चालवायला हाय ना?"

गिअर पडला. मला इतका राग आला की आभारसुद्धा मानले नाहीत.

घरी येऊन सोफ्यावर टेकलो, तर प्लास्टिकचं कव्हर नेहमीसारखं घामट पाठीला चिकटलं. उठलो आणि चार वर्षं जपलेलं ते कव्हर टराटरा फाडून काढलं.