सुमनताईंच्या पिशवीतली पत्रकं

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याच्या छापखान्यात नव्या पत्रकाचं प्रूफ तपासत होते. विषय माझ्या पत्रकांचा नेहमीचाच, पोलिसांनी मुलांची चौकशी कशी करावी. फोन ठेवला आणि आधी उरलेलं पान तपासून संपवलं... सेवाग्रामच्या दवाखान्यात पोचले तोवर त्यांना त्यांच्या गावी, आंजीला नेलं होतं. याची लाज वाटते. याहून मोठी लाज पुढे आहे.

ताई निवृत्त अंगणवाडी सेविका. आसपासच्या कुठल्याही मुलाला ठाण्यात बोलावलं की त्या जाऊन त्याच्या शेजारी बसायच्या. कुणी नेमलं नव्हतं. कायदा मला पाठ : पोलीस वर्दीत नकोत, आईबाप जवळ हवेत, मुलगी असेल तर महिला पोलीस हवीच. ताईंना कलमं येत नव्हती, पण कापडी पिशवीत उकडलेल्या शेंगा असायच्या. मागच्या हिवाळ्यात एका शाळेत मुख्याध्यापकांचा मोबाइल हरवला आणि तिथल्या एका मुलीला एकटीलाच ठाण्यात आणून भिंतीशी उभं केलं. मी दारातूनच कलमं ओरडायला लागले. ताईंनी तिला बाकावर बसवलं, ओंजळभर शेंगा तिच्या ओच्यात टाकल्या. "सोल."

हवालदार हसला. "ताई, ठाण्यात पार्टी करून राह्यल्या का?"

"तुमी साधे कपडे घालून या, बाई पोलिसाले बोलवा, हिच्या मायले येऊ द्या. तवरक आमी खातो. तुमाले पायजे का?"

त्यानं घेतल्या. आई आली, महिला पोलीस आली, अर्ध्या तासात मुलगी बाहेर. मोबाइल दोन दिवसांनी त्या मुख्याध्यापकांच्याच गाडीच्या सीटखाली सापडला.

इथवर सगळं ताईंचं. पुढचं माझं. ठाण्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर मी त्या मुलीला बसवलं, रेकॉर्डिंग सुरू केलं. काय विचारलं? हात कोणी उगारला? पुन्हा सांग, नीट सांग. ती रडायला लागली, तर मी म्हटलं, रड, मोकळी होशील. ताई म्हणाल्या, "सायबानं एकडाव इचारलं. तू तीनदा इचारून राह्यली." मी ऐकलं नाही. पत्रक काढलं. तिचं नाव छापलं नाही याचा मला अभिमान होता. गाव छापलं, इयत्ता छापली, बापाचा धंदा छापला, आणि आठवडी बाजारात हातोहात वाटलं.

ताईंनी ते वाचलं. "नाव नाई टाकलं म्हंतेस. पन त्या गावात ते काम करनारा मानूस एकच हाये ना वं?"

"ताई, लोकांना कळायला नको?"

त्यांनी पत्रकाची घडी करून पिशवीत टाकली. मला वाटलं, मी जिंकले... मुलीला पोरं 'ठाणेवाली' म्हणायला लागली. तिनं शाळा सोडली, घरच्यांनी मामाकडे पाठवून दिलं. तिला ठाण्यात उभं केलं होतं हे चार माणसांना माहीत होतं. बाकी सगळ्यांना मी सांगितलं. पोलिसांवर मी आजही चिडते, चिडायलाच हवं. पण हे काम पोलिसांनी केलेलं नाही.

पुण्यानुमोदनाला, ताईंच्या स्मरणासाठी सगळे जमले त्या दिवशी, त्यांच्या सुनेनं ती पिशवी माझ्या हातात दिली. "घ्या, तुमचंच सामान हाये. माय बाजारात दुकानादुकानातून मांगून आने. तुमाले सांगू नोको म्हने." आत माझी पत्रकं होती, गठ्ठाभर. काहींवर भज्यांच्या तेलाचे डाग. प्रत्येकावर तीच एक ओळ निळ्या पेनानं खोडलेली, गाव, इयत्ता, धंदा, सगळं. एकेक उजेडात धरून पाहिलं. कुठेच वाचता येत नाही.

नव्या पत्रकातही ती ओळ होती. ताई गेल्या त्या दिवशी प्रूफात मी ती ठळक करायला सांगितली होती.

पिशवीच्या तळाशी टरफलांत त्यांचं पेन सापडलं. ते घेऊन छापखान्यात गेले. प्रूफ अजून छपाईला गेलं नव्हतं. त्यातली ती ओळ खोडली... कागद फाटला तरी हात थांबेना.