बांधावरच्या गवताची पेंढी

बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या घराचं अंगण दिवसातून दोनदा झाडलं जायचं. त्या घरातून मी सत्तरच्या दशकाच्या शेवटी लग्न होऊन निपाणीजवळच्या एका तंबाखूवाल्या शेतकऱ्याच्या घरात आले, तेच स्वच्छतेचं खूळ डोक्यात घेऊन.

सासऱ्यांनी उताराचं एक रान आम्हा नवराबायकोला वेगळं काढून दिलं होतं. त्यावरच आमची चूल चालायची होती. माती जेमतेम गुडघाभर, खाली नुसता मुरूम. आणि खालच्या बांधावर कमरेइतकं गवत. मला ते बघवत नसे. आमच्याकडे मजुरीला येणारी एक मावशी त्यातलं भाराभर कापून म्हशीला न्यायची. तिची स्वतःची वीतभरही जमीन नव्हती.

त्या उन्हाळ्यात नवरा चार दिवस परगावी गेला, तेवढ्यात मी दोन बायका लावून अख्खा बांध मुळासकट खणून काढला.

"वैनी, ते कापायचं असतंय. उपटू नकासा," मावशी दोनदा म्हणाली.

म्हशीच्या वैरणीसाठी बोलतेय, असं मला वाटलं. मी ढीग करून गवत पेटवूनही दिलं. वर नवऱ्याला हौसेनं तो बोडका बांध दाखवायला नेलं. त्यानं बांधाची भुसभुशीत माती पायानं दाबून बघितली. मला वाटलं, खूश झाला.

तंबाखूची लावण पावसाचा जोर ओसरल्यावर. तोवर कुळवून कुळवून रान मोकळं ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. म्हणजे ऐन आषाढात रानात हिरवं पान नाही. दोन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी जाऊन बघते तर बांध मधोमध फुटलेला, माणूस उभा राहील एवढी घळ पडलेली, वरच्या अंगाला मुरूम उघडा. ओढा आमची माती घेऊन चालला होता. शेजारच्या रानात तोच पाऊस, तसाच कुळव. पण त्यांच्या बांधावरच्या गवतात गढूळ पाणी अडखळत होतं आणि माती मागं ठेवून हळूहळू खाली उतरत होतं. मी तिथंच चिखलात बसून रडायला लागले.

सासूबाई मागून आल्या. "रडून माती परत येती व्हय? ऊठ," म्हणाल्या. मग घरी येताना त्यांनी सांगितलं, की बांध घातला त्या साली ते गवत मावशीनंच ओढ्याकाठून आणून लावलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं तिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मावशी डोक्यावर पाटी घेऊन हजर. पाटीत गवताचे ओले ठोंब. "पाऊस हाय तवर लावूया. मुळं लगेच धरत्यात." टोमणा एक नाही. घळ आम्ही दगडमातीनं बुजवली आणि चिखलात बसून वीतवीत अंतरावर ठोंब लावत गेलो. मी वाकडी लावलेली रांग तिनं तेवढी उपटून सरळ केली.

त्या वर्षी तंबाखू हाताला लागली ती नावापुरती. सासूबाईंनी धान्य दिलं म्हणून चूल पेटली. पण दोन पावसाळ्यांत गवत दाटलं, त्याच्या वरच्या अंगाला माती साचत गेली आणि उतार हळूहळू सपाट व्हायला लागला. त्याच रानावर पुढं माझी मुलं बेळगावात शिकली. आमचं रान राहिलं ते त्या बाईमुळं, हे मी कुणालाही सांगते.

तिसऱ्या वर्षीची पहिली पेंढी मी स्वतः कापली, डोक्यावर घेतली आणि गावातून चालत मावशीच्या दारात गेले. आमच्या घरची सून भारा घेऊन मजुरांच्या वस्तीत जाताना बघायला माणसं कट्ट्यावर उभी राहिली. मावशी गोठ्यात होती.

"कापून आणलासा न्हवं वैनी? का उपटून?"

मी काही बोलायच्या आत तिनं पेंढी उलटी करून बुडखे नीट बघितले. एकही मूळ नव्हतं. मग तिनं ती म्हशीपुढं टाकली.