खड्ड्याकडची भिंत

इंदिरानगरच्या मुख्य रस्त्याला रुंद पदपथ झाला, दगडी बाकं आली, दिव्यांचे नवे खांब उभे राहिले, तेव्हा सगळ्यांत जास्त खूश झाल्या त्या सुलभाताई नाडगौडा. त्यांचे यजमान श्रीरंगराव विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, गुडघ्यांनी हैराण. "आता भाजीवाल्यापर्यंत तरी चालाल," म्हणत सुलभाताई त्यांना रोज संध्याकाळी बाहेर काढू लागल्या. या भागाची नवी बाजारपेठ करायची असं पालिकेनं ठरवलं होतं आणि वॉर्डाच्या बैठकीत टाळ्या वाजवणाऱ्यांत त्याही होत्या.

मग गल्लीतली घरं बिल्डरला विकली जाऊ लागली. शेजारचे पुरुषोत्तम जाताना म्हणाले, "अक्का, तुम्हीपण आटपा. इथे आता राहणाऱ्यांना जागा नाही."

त्यांच्या घराच्या जागी खड्डा झाला. खाली दोन मजली तळघर, वर दुकानं असा बेत होता. सुलभाताईंच्या कुंपणाच्या भिंतीला इतकं खेटून खणलं होतं की स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकावलं तर थेट तळ दिसायचा. त्याच भिंतीखाली, खड्ड्याच्या उतारावर, पत्र्याच्या खोपटांत मजुरांची बिऱ्हाडं होती. त्यांचा मुकादम पिराजी बीदरकडचा, भालकीचा. एकदा प्यायचं पाणी मागायला आला आणि त्यांचं मराठी ऐकून "अक्का, तुमी आमच्यावानीच बोलताव की," म्हणून हसला. तेव्हापासून त्याची बायको रोज कळशी घेऊन नाडगौडांच्या नळावर येई.

उगादी, म्हणजे गुढीपाडवा, होऊन गेली आणि घर आवाज करू लागलं. आधी न्हाणीघराचा दरवाजा लागेनासा झाला. मग देवघरातली एक फरशी दुपारच्या शांततेत टण्णकन उडाली. खड्ड्यातलं पाणी उपसणारा पंप अखंड चाले. इतके दिवस त्याच्या पाइपातून स्वच्छ पाणी यायचं, ते आता मातीनं तांबडं येऊ लागलं. श्रीरंगरावांना ऐकू कमी यायचं, पण एका सकाळी भिंतीवर तळवा टेकून ते म्हणाले, "सुलभा, ही थरथरतेय."

सुलभाताई वॉर्ड ऑफिसात गेल्या. इंजिनीअरनं मोबाइलवरचे फोटो पाहिले, मान हलवली. "जुनं घर आहे अम्मा. काम संपेपर्यंत स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, जरा सांभाळून घ्या." त्या पुन्हा गेल्या, तेव्हा तो मीटिंगमध्ये होता. तिसऱ्यांदा शिपायानं त्यांना लांबूनच ओळखलं आणि नुसता हात हलवला.

शनिवारी सकाळी तुळशीला पाणी घालताना त्यांना दिसलं, की अंगण आणि भिंत यांच्यामध्ये फट पडलीय. हाताची बोटं सहज आत जातील एवढी. भिंत खड्ड्याकडे कलली होती. त्यांनी श्रीरंगरावांना हाताला धरून फाटकाबाहेर नेलं, रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानात बसवलं आणि उतार उतरून थेट खोपटांपाशी गेल्या.

"पिराजी, सगळ्यांना वर काढ. आत्ताच्या आत्ता."

"अक्का, साहेबाला इचारल्याबिगर कसं? कामावरनं हाकलतील."

"मग मी एकेकाला ओढून नेते," असं म्हणून त्यांनी झोळीतलं त्याचं तान्हं पोर उचललं आणि चालू पडल्या. आई ओरडत मागे धावली. तिच्यामागे बाकीच्या बायका, आणि अखेर खालच्या पुरुषांना हाका मारत पिराजी.

सगळे जण नव्या पदपथावरच्या बाकांवर बसले. तिथला गार्ड लगेच धावत आला. इथे पातेली ठेवायची नाहीत, मुलांना बसवायचं नाही, उठा. "मीही यांच्यातलीच आहे," सुलभाताई म्हणाल्या. "मला उठव आधी."

तो काही बोलणार एवढ्यात गल्लीतून आवाज आला. फार मोठा नव्हता. वाळूचा ट्रक रिकामा व्हावा तसा. मग धूळ वर आली. पिराजीची बायको गल्लीच्या तोंडाशी धावली. खोपटं होती तिथे विटा, माती आणि उपटलेली तुळस होती.

आता मात्र इंजिनीअर तासाभरात हजर झाला. त्यानं मोजमापं घेतली ती नाडगौडांच्या घराची. संध्याकाळपर्यंत फाटकावर कागद चिकटला: इमारत धोकादायक, ताबडतोब रिकामी करा. दोघं व्हाइटफील्डला मुलाकडे, ध्रुवकडे राहायला गेली.

भिंत कशी पडली याची पालिकेनं चौकशी लावली. तिच्या सुनावणीत बिल्डरच्या वकिलानं अगदी अदबीनं विचारलं, "भिंत पडणार हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं ना, मॅडम?"

"हो. म्हणून तर माणसं बाहेर काढली."

"म्हणजे आपली भिंत कमकुवत आहे हे आपल्याला माहीत होतं." तो टंकलेखकाकडे वळला. "लिहून घ्या."

खणणाऱ्यांविषयी सुलभाताईंना कुणी काहीच विचारलं नाही. त्यांनी पिराजीला साक्षीला बोलवायचं ठरवलं. तो आता बेळ्ळंदूरच्या कामावर होता. "येतो अक्का, माझं लेकरू तुमच्यामुळं हाय," तो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद.

पुढच्या तारखेआधी त्या राहिलेले कपडे आणायला गल्लीत गेल्या. बांधकामापुढे नवा भलामोठा फलक लागला होता. चित्रात काचेची उंच इमारत, खाली कॉफीची दुकानं, फिरणारी माणसं. सुलभाताईंनी चित्रातला कोपऱ्यावरचा गुलमोहर ओळखला. तिथून सुरू होणारी इमारत पुरुषोत्तमांची जागा ओलांडून नाडगौडांच्या घराच्या जागेवरही पसरली होती.

"हा कधी केला?" त्यांनी वॉचमनला विचारलं.

"बोर्ड जुनाच अम्मा. उगादीच्या आधीपासून सेल्स ऑफिसात होता. काल बाहेर लावला."

उगादीच्या आधी. तेव्हा भिंतीला साधा तडाही नव्हता.

त्यांनी मोबाइल काढला. "फोटो बेडम्मा, नका काढू," वॉचमन घाईघाईनं म्हणाला आणि मागे वळून पाहू लागला. खड्ड्याच्या तोंडाशी उभी असलेली दोन माणसं बोलायची थांबली होती आणि त्यांच्याकडेच बघत होती.

सुलभाताईंनी फोटो घेतला. पुढच्या तारखेला दाखवायला, गुलमोहरासकट पुन्हा एकदा घेतला. मग कपडे न घेताच, नेहमीपेक्षा जरा भरभर पावलं टाकत, त्या मेट्रोच्या दिशेनं निघाल्या. मागून कुणीतरी चालत येत होतं. गर्दीच्या पदपथावर ते कुणीही असू शकत होतं.