समोरच्या टेबलावरच्या बाई

मानसिक आरोग्यावर संशोधन करणाऱ्या आमच्या खडकीच्या ऑफिसात एक बाई कामाला लागल्या. स्वतः कित्येक वर्षं मनाच्या आजारावर गोळ्या घेणाऱ्या. "आजार भोगलेली माणसं आपल्याकडे हवीतच," असं आमचे साहेब प्रत्येक मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगायचे. बाईंना काम द्यायचं मात्र माझ्यावर ढकललं आणि वर बजावलं, "त्यांना ताण देऊ नका हं."

मग देणार काय, माझं कपाळ? मी कोऱ्या प्रश्नावल्यांना पिना मारायला दिल्या. बाई गठ्ठा टेबलावर दोनदा आपटून कडा जुळवायच्या, पिन मारायच्या आणि विचारायच्या, "अहो, पेशंटच्या मुलाखती घ्यायला मी कधी जायचं?" रोज तेच. मी रोज म्हणायचो, "बघू." माझं डोकं उठायचं. हो म्हणायचा अधिकार नव्हता आणि नाही म्हणायला तोंड नव्हतं.

एकदा वैतागून म्हणालो, "बाई, जरा तब्येतीला जपा ना!"

"तब्येतीला जपायला घर आहे की माझं. इथे मी कामाला आलेय."

महिनाअखेरीस गठ्ठे तपासताना एक प्रश्नावली भरलेली सापडली. नावाची जागा कोरी होती, पण अक्षर बाईंचंच. 'आपला कुणाला काही उपयोग नाही, असं तुम्हाला किती वेळा वाटतं?' या प्रश्नापुढे 'रोज'वर खूण होती आणि शेजारी सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'रविवार सोडून.'